वेण्णा तलाव, स्ट्रॉबेरी आणि तुमच्या आठवणी

सायली_क
आज मंडईत मोसमातली पहिली स्ट्रॉबेरी दिसली. डबा नाकाशी धरला आणि एकदम १९९४ सालच्या महाबळेश्वरला जाऊन पोचले. परतीच्या एसटीत बाबांनी दोन किलोची पेटी मांडीवर घेतली होती. खाली ठेवली तर हादऱ्यांनी चेपेल म्हणून. पसरणी घाट उतरून वाई येईस्तोवर रस झिरपून त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर हा मोठा गुलाबी डाग! आई म्हणाली, ठेवा आता खाली. नाहीच ठेवली. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही, आणि बाबा तोच पायजमा घरात घालायचे. परवा त्यांना जाऊन वर्ष झालं. तुमच्याही आठवणी लिहा ना, वाचायला बरं वाटेल.

घाटमाथा
डोळ्यांत पाणी आणलंस गं.
आम्ही पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने जायचो. मला घाट हमखास लागायचा, आजी आल्याची वडी तोंडात ठेवायला द्यायची. अजून आल्याच्या वडीच्या वासाने पोटात ढवळतं.

रानपाखरू
आमची भिलारजवळ बाग आहे म्हणून थोडं लिहिते. सप्टेंबरात पाऊस ओसरला की लागवड. विंटर डॉन, स्वीट चार्ली, नाभिला अशा जाती. तोडणी भल्या पहाटे, गारठ्यात बोटं बधिर होतात. फळाला हात न लावता देठ नखाने खुडायचा. आणि एक लक्षात ठेवा, तोडल्यावर स्ट्रॉबेरी पुढे पिकत नाही. रंग चढतो, पण गोडी जेवढी झाडावर भरली तेवढीच. देठाजवळ पांढरी असेल तर घेऊ नका.

मी_पुणेकर
हे आधी माहीत असतं तर! गेल्या वर्षी रस्त्यावर पेटी घेतली, वरचा थर लालभडक, खाली सगळी पांढरी. मुलगी रडायला लागली.

रानपाखरू
@मी_पुणेकर वाईट वाटलं वाचून. पुढच्या वेळी मुलीला बागेत घेऊन या, स्वतःच्या हाताने खुडू दे.

अनु_ताई
वेण्णा तलावावर डिसेंबरात पहाटे गेलात का कोणी? धक्क्याच्या फळ्यांवर दव गोठून पांढरी साय धरते. सासऱ्यांनी बोटाने त्यावर नातवाचं नाव लिहिलं होतं. ऊन आलं आणि नाव विरघळून गेलं.
कुकर झाला, येते.

जुना_वाटाड्या
तलाव नैसर्गिक नाही बरं का. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला, गावाच्या पाण्यासाठी. होड्या नंतरच्या.

नेहा२२
मला तिथलं मका पॅटीस आठवतं फक्त 😀 घरी तसं होत नाही, फुटतात. कृती आहे का कोणाकडे?

अनु_ताई
@नेहा२२ बटाटा उकडून पूर्ण गार होऊ दे, मगच कुस्कर. मका भरड वाट, पाणी पिळून काढ.

घाटमाथा
मधाबद्दल कोणीच नाही बोललं? तिथल्या मधुसागर या मध सोसायटीची जांभळाच्या मधाची बाटली वडील दर खेपेला आणायचे. काळपट, किंचित कडसर. लहानपणी तोंड वाकडं करायचो, आता तोच शोधत फिरतो.

मी_पुणेकर
चिक्की मात्र लोणावळ्याचीच.

नेहा२२
@मी_पुणेकर नाही हं, बाजारपेठेतला गरम चणा आणि फज खाऊन मग बोला! @अनु_ताई करून बघते आज.

सायली_क
सगळ्यांचं वाचतेय, मन भरून आलं. @रानपाखरू, तुमचं वाचून डबा परत उघडून पाहिला. देठापर्यंत लाल आहेत. आई साखर न घालता खातेय, तिसरी वाटी. ‘ह्यांनी बरोबर निवडल्या असत्या’ म्हणाली.

रानपाखरू
जानेवारीत दोघी या. आईंना घाट लागत असेल तर पुढच्या सीटवर बसवा.