मॉर्गेज म्हणजे मेलेलं गहाण

'मॉर्गेज' म्हणजे गहाण, हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला असं कुणी कुणी म्हणतं. अर्धंच खरं. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला. त्यातला 'मॉर्' म्हणजे मेलेलं, हा मुळात लॅटिन; पण 'गाज' म्हणजे तारण, आणि तो फ्रँक लोकांच्या जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या) बोलीतला.

मेलेलं का? सतराव्या शतकात एडवर्ड कोक या इंग्लिश न्यायाधीशाने दिलेला खुलासा असा: कर्ज फिटलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, फिटलं तर तारण सावकाराला मेलं. एकूण कुणीतरी मरतंच!

माझा आवडता कोर्टातला शब्द मात्र 'कल्प्रिट', म्हणजे गुन्हेगार. जुन्या इंग्लिश कोर्टात फ्रेंच चाले; आरोपीने 'दोषी नाही' म्हटलं की सरकारपक्ष फ्रेंचमध्ये म्हणे, 'दोषी आहे, सिद्ध करायला तयार आहोत.' कारकून ते 'कल. प्रिट' (दोषी, तयार) असं आखडून लिहीत. पुढे ती आरोपीलाच हाक वाटली, असं मानतात. कारकुनी आळसातून जन्मलेला शब्द.

आणि गंमत बघा, कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत करा असं सांगणारा इंग्लंडचा १३६२ चा कायदा लिहिलाय फ्रेंचमध्येच.