५६के मॉडेम, पण लागतो २६४०० वरच

सावकाश_गाडी:
विंडोज ९८, बाहेरचा सीरियल मॉडेम, व्ही.९० (५६के चं मानक), रॉकवेल चिपसेट, पोर्ट स्पीड ११५२००. कनेक्शन दर वेळी सेकंदाला २६४०० बिट्सला लागतं. झिप फाइल सेकंदाला २.२ किलोबाइटच्या वर सरकत नाही. लाइन सुटल्यावर हायपरटर्मिनलमध्ये एटी&व्ही१ (मागच्या कॉलचा अहवाल) दिलं तर असं दिसतं: लास्ट आरएक्स (येणाऱ्या डेटाचा वेग) २४०००, हायेस्ट आरएक्स २६४००, आरएक्स लेव्हल ०२९. रोझेटपासून (भिंतीवरची फोनची डबी) मॉडेमपर्यंत १५ मीटर चपटी वायर, वाटेत दोन पॅरलल फोन. ड्रायव्हर बदलून फरक पडेल का?

तारेवरची_कसरत:
ड्रायव्हरला हात लावू नका, आकडाच सगळं सांगतोय. व्ही.९० चे वेग साधारण १३३३ च्या पायऱ्यांनी चढतात: ४२६६७, ४४०००, ४५३३३, ४६६६७. व्ही.३४ (त्याआधीचं, ३३६०० पर्यंतचं मानक) ची पायरी २४०० ची: २४०००, २६४००, २८८००, ३१२००, ३३६००. तुमचा २६४०० दुसऱ्या जिन्यावरचा. म्हणजे मॉडेमला व्ही.९० जमलं नाही आणि तो व्ही.३४ वर उतरला.

आरएक्स लेव्हल ०२९ म्हणजे उणे २९ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण). सिग्नल अशक्त आहे. शिवाय २६४०० वर झिप फाइल ३ किलोबाइटच्या आसपास यायला हवी, २.२ येतेय, म्हणजे चुकलेले तुकडे पुन्हा पुन्हा मागवले जातायत. पोर्ट स्पीड ठीक आहे, ते विसरा.

आधी घरातलं बघा. दोन्ही पॅरलल फोन नुसते ठेवून नाही, वायरीसकट काढा. चपटी वायर पिळाची नसल्यामुळे शेजारच्या विजेच्या वायरीतली गुणगुण उचलते. मॉडेम रोझेटजवळ आणा आणि लांबी लागलीच तर सीरियल केबलची वाढवा. रोझेट उघडून स्क्रू बघा. तांब्यावर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर ते टोक कापा, सेंटीमीटरभर नवी तार सोला, चकचकीत करून आवळा. घंटी वाजताना त्या तारेत ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो, तेव्हा दोन्ही टोकांना एकदम बोट नको.

मग साधा फोन लावून एकच आकडा फिरवा, डायल टोन जाईल, ती शांतता ऐका. करकर येत असेल तर जॉइंट सैल किंवा गंजलेला. सलग घूं येत असेल तर बहुतेक एका तारेतून जमिनीला गळती. पावसाळ्यात हीच तक्रार जास्त.

सावकाश_गाडी:
फोन काढले, मॉडेम थेट रोझेटला लावला, एक टोक नवं सोललं. आता ३१२००, लेव्हल ०२२, झिपला ३.६ किलोबाइट. फोनमध्ये अजून बारीक करकर आहे. व्ही.९० मात्र नाहीच.

कॅरिअर_सापडेना:
मग उरलेलं दुखणं घराबाहेर. व्ही.९० ला एक अट आहे: सेवा देणाऱ्याकडून निघालेला डिजिटल सिग्नल तुमच्या एक्स्चेंजच्या लाइन कार्डापर्यंत (तुमची तार जिथे जोडलेली असते ते कार्ड) डिजिटलच यायला हवा, अॅनालॉग व्हायचं ते एकदाच. मध्ये ईपीएबीएक्स (ऑफिसातलं खासगी एक्स्चेंज), पेअर गेन (तारांच्या एकाच जोडीवर एकाहून जास्त फोन चालवणारं यंत्र) किंवा अॅनालॉग पोर्टवर जोडलेलं डीएलसी (अनेक लाइन एकत्र करून एक्स्चेंजला नेणारं यंत्र) आलं की दुसरं रूपांतर होतं आणि ३३६०० चं छप्पर बसतं. मग हजारांचा मॉडेम आणा, काही उपयोग नाही.

दोष कुठे ते दोन कॉलमध्ये कळतं. याच लाइनवरून दुसऱ्या इंटरनेट कंपनीचा नंबर फिरवा. तिथे ४४००० लागला तर पहिल्या कंपनीचे मॉडेम अॅनालॉग लाइनवर बसवलेत. दोन्हीकडे ३१२०० च आला तर तुमचा मॉडेम दुसऱ्या डीपीवरच्या (घरोघरी तारा वाटणारा डबा) लाइनला लावून बघा. तिथे ४०००० च्या पुढे गेला, तर खोट तुमच्या तारांच्या जोडीतच.

१९८ ला तक्रार करताना "नेट हळू आहे" म्हणू नका, लाइन बोलण्यापुरती ठीक असली की तक्रार बंद होते. "करकर येते, इन्सुलेशन तपासा" म्हणा, आणि लाइनमन आला की जोडी पेअर गेनवर आहे का ते विचारा. असेल तर सुटी जोडी मागा.

तोवर वारंवार लाइन तुटत असेल तर कंट्रोल पॅनल, मॉडेम्स, प्रॉपर्टीज, कनेक्शन, अॅडव्हान्स्ड इथे एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये एस१०=५० टाका (अर्थात इंग्रजी अक्षरांत). कॅरिअर (समोरच्या मॉडेमचा सिग्नल) गेल्यावर मॉडेम एरवी १.४ सेकंद थांबतो, आता ५ सेकंद थांबेल. तेवढ्यानेही भागलं नाही तर +एमएस=११,१,३००,२८८०० देऊन वेग एक पायरी खाली बांधा; नव्या रॉकवेलवर ११ च्या जागी व्ही३४ लागतं. सतत रीट्रेन होणाऱ्या (मॉडेम थांबून पुन्हा जुळवून घेतो त्या) ३१२०० पेक्षा न हलणारा २८८०० फाइल लवकर उतरवतो.