पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन: सगळं खोलायचं की नुसते शॉकअप बदलून भागेल?

धरमपेठचा_फियाटवाला

नमस्कार मंडळी, घरी बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे जुनी फियाट) आहे. इंजिन मस्त आहे, गिअर ओके, पण पुढून गाडी आता चालवावीशीच वाटत नाही. पन्नासच्या आसपास स्टीअरिंग इतकं थरथरतं की दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, साठच्या पुढे परत कमी होतं, पण तोवर बाजूला बसलेल्या आईचं रामरक्षा म्हणणं सुरू झालेलं असतं. सिमेंट रोडच्या प्रत्येक जॉइंटला डावीकडून खट्ट आवाज येतो, आणि आपल्या नागपुरात आता सिमेंट रोड सोडून उरलंय काय. डावा टायर आतल्या कडेने खाऊन राहिला आहे.

एका गॅरेजवाल्याने हात न लावताच सांगितलं की शॉकअप आणि स्प्रिंग चारही नवीन टाका. दुसरा म्हणतो हे जुनाट किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती) काढून फेका, नवीन गाडीचं बॉल जॉइंटवालं (गोळीच्या सांध्याचं) बसवून देतो, वेल्डिंग करून. मला हे दोन्ही पटलं नाही म्हणून इथे विचारतोय. नेमकं काय तपासायचं, सामान कुठे मिळेल आणि घरी किती करता येईल? थंडी सुरू आहे तोवर उरकायचंय, एप्रिलमधे अंगणात गाडीखाली झोपणं शक्य नाही.

वऱ्हाडी_पाना

भाऊ, स्प्रिंगचं नाव कोणी काढलं राजा? हात न लावता सांगते तो मिस्त्री नाही, ज्योतिषी आहे. आधी पाहा, मग खोला.

मागच्या चाकाले विटा लावा, पुढून उचला अन् स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरोशावर खाली घुसू नका. आता चाक घड्याळाच्या १२ अन् ६ वर धरून हलवा. हलून राहिलं तर पोराले आत बसवून ब्रेक दाबून ठेवाले सांगा अन् परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) गायब झाला तर हबचं (चाकाच्या मधातलं) बेअरिंग ढिलं आहे, तसाच राहिला तर किंगपिन नाहीतर आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश. नुसतं पाहून समजत नाही, सांध्यावर बोट ठेवा, अर्धं बोट एका पार्टवर अर्धं दुसऱ्यावर, हालचाल कुठं होऊन राहिली ते बोटाले बरोबर कळते. मग ३ अन् ९ वर धरून हलवा, तिथं प्ले दिसला तर टायरॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाले जोडणारा सांधा), आयडलरचा (त्या दांड्यांले दुसरीकडून आधार देणाऱ्या पार्टचा) बुश नाहीतर स्टीअरिंग बॉक्स. बॉक्सचा स्क्रू उगाच पिळू नका बरं. वर्म अन् रोलरवाला बॉक्स आहे, तो मधात सगळ्यात टाईट असते, चाकं वळवून ठेवून स्क्रू पिळला की सरळ रस्त्यावर स्टीअरिंग जाम होते.

शॉकअपचं सोपं आहे, बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली तर चांगले, डोलत राहिली तर गेले. थरथरीसाठी सगळ्यात आधी चाकाचं बॅलन्सिंग करा अन् रिम वाकडी आहे का पाहा, शंभर-दोनशे रुपयात भागलं तर कशाले खोलता.

हिंगणा_लेथ

वरचे भाऊ बरोबर सांगत आहेत. माझं एमआयडीसीत टर्निंगचं काम आहे, फियाटचे किंगपिन अजूनही अधूनमधून येतात, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

पिन हातात आली की आधी पुसून उजेडात फिरवून बघा. जिथे बुश बसतो तिथे वर आणि खाली पट्टा पडलेला दिसतो, नखाला कडा लागते. मधला भाग झिजत नाही, त्यामुळे मायक्रोमीटरने मधे आणि टोकाला माप घेतलं की किती गेली ते तिथेच कळतं, मॅन्युअल शोधायची गरज नाही. आणि झीज गोल नसते, एका बाजूनेच असते, म्हणून पिन फिरवत फिरवत मापा. नवीन पिन घेताना कानस घासून बघा (बुशात बसणाऱ्या जागी नाही, एकदम टोकाला). हार्ड केलेली असेल तर कानस घसरते, कानसेने माल निघाला तर ती पिन दुकानदाराला परत द्या, कितीही चकाकत असली तरी.

आता खरी गडबड होते ती बुशात. बुश दाबून बसवला की तो आतून थोडा आवळतो, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारावाच लागतो. वरचा बुश वेगळा आणि खालचा वेगळा रीमर केला तर दोन्ही भोकं आपापल्या जागी सुंदर होतात पण एका रेषेत येत नाहीत, मग पिन ठोकून बसवतात आणि म्हणतात चालून चालून मोकळी होईल. ती मोकळी होत नाही, बुश खाते, आणि तोवर स्टीअरिंग इतकं जड की वळणावरून आपोआप सरळ येतच नाही. लांब रीमर पाहिजे, एक बुश त्याला धरून ठेवतो आणि दुसरा कापला जातो. पिनला ग्रीस लावून अंगठ्याने दाबली की सावकाश आत गेली पाहिजे, स्वतःच्या वजनाने घसरली तर ढिली, हातोडी लागली तर टाईट. टर्नरकडे जाताना नवीन पिना सोबत न्या, नुसतं माप सांगून काम करून घेऊ नका.

बुशाचं भोक आणि ग्रीस निपलचं (ग्रीस भरायच्या तोंडाचं) भोक समोरासमोर आलं पाहिजे हे सांगायची गरज पडू नये, पण अर्ध्या गाड्यांमधे ते आलेलं नसतं. जोडायच्या आधी निपलवर गन लावून दाबा, आतून ग्रीस बाहेर येताना डोळ्याने दिसलं पाहिजे. शेवटी स्टब एक्सलचा (किंगपिनवर फिरणारा, चाक बसतं तो तुकडा) वर-खाली प्ले शिमने (पातळ चकतीने) काढायचा, वजन थ्रस्टवर (वर-खाली भार घेणाऱ्या वॉशरवर) येतं, पिनवर नाही.

अँबी_सदर

माझ्याकडे अँबॅसडर आहे त्यामुळे फियाटचं फार बोलणार नाही 😄 आमच्याकडे पुढे कॉइल नाहीच, टॉर्शन बार, एक बाजू बसली तर मागच्या टोकाला सेटिंग करून उंची परत आणता येते. पूर्वी डिसेंबरात अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समधे पांढऱ्या अँबॅसडरची रांग लागायची, त्यामुळे ते काम येणारे मिस्त्री गावात होते, आता शोधावे लागतात. तुमची गाडी एका बाजूला झुकली असेल तर दोन्ही स्प्रिंग काढून बाजूबाजूला उभ्या करून उंची बघा. सारख्या असतील तर स्प्रिंगचा काही दोष नाही.

सामानाचं म्हणाल तर आम्हाला कोलकात्याचं मल्लिक बाजार आहे, तुम्हाला मुंबई. कुर्ल्यालाच गाडी बनायची, तिथल्या सीएसटी रोडवर जुनं सामान पूर्वी ढिगाने मिळायचं, पण ऑक्टोबर २०२३ मधे शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, म्हणजे टॅक्सीवाल्यांच्या जोरावर चालणारा नव्या सामानाचा धंदाही आटणारच. दिसलं की घेऊन ठेवा. फोनवर मागवू नका, जुना पार्ट नमुना म्हणून पाठवा, कारण फियाट म्हटलं की दुसऱ्या मॉडेलचं पण सामान पाठवतात.

जुनी_गाडी_एमएच३१

बॉल जॉइंटच्या वेल्डिंगवर कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. करू नका. आर्मची लांबी आणि कोन बदलला की खड्ड्यात चाक वर जाताना टायरॉड त्याला वेगळीकडे ओढतो, गाडी आपोआप वळते, ते कुठल्याच अलाइनमेंटने जात नाही. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ गाडीत असे फेरफार चालत नाहीत, रजिस्ट्रेशन वाढवायला आरटीओत नेली आणि एखाद्या इन्स्पेक्टरने वाकून पाहिलं तर काय सांगणार? शिवाय २०२१ च्या नियमात पन्नास वर्षं झालेल्या मूळ स्थितीतल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. तुमची २०३४ मधे बसेल, कशाला आत्ताच वेल्डिंगचे डाग पाडून घेता.

दुसरं, घरी करताय म्हणून. हबचं बेअरिंग, टायरॉड एंड, शॉकअप हे अंगणात होतं. स्प्रिंग मात्र स्प्रिंग कंप्रेसर (ती दाबून धरायचं साधन) असल्याशिवाय सोडू नका. जॅकवर आर्म टेकवून हळूहळू खाली सोडणारे लोक मी पाहिले आहेत, जॅक सरकला की स्प्रिंग गोळीसारखी सुटते, समोर कोण आहे ते ती बघत नाही. ब्रेकच्या होजवर ड्रम लटकवू नका, तारेने वर बांधा. खोललेच आहे तर क्रॉस मेंबर (ज्या आडव्या पट्टीला आर्म जोडलेले असतात ती) ब्रशने साफ करून आर्मच्या बोल्टांभोवती बारीक चीर आहे का बघा, चिखलाखाली दिसत नाही. स्प्लिट पिना सगळ्या नवीन, त्या पाच रुपयांत कंजूषी नको.

धरमपेठचा_फियाटवाला

सगळ्यांचे आभार, रविवारी स्टँडवर घेतली. उजवीकडे ब्रेक दाबला की प्ले पूर्ण गेला, म्हणजे बेअरिंगच. डावीकडे ब्रेक दाबूनही हलत होतं, बोट ठेवलं तर खालच्या बुशाला स्पष्ट टकटक लागली. निपलवर गन लावली तर ग्रीस आत जायलाच तयार नाही, सगळं बाहेरून ओघळलं. शॉकअप दोन्ही चांगले निघाले, कोपरा दाबला की एकदाच वर येऊन थांबते. स्प्रिंगला हात लावणार नाही असं ठरवलंय, डावी-उजवीकडे उंची सारखीच आहे. किंगपिन दोन्ही बाजूंचे करू की नुसता डावा? आणि अलाइनमेंट कुठे करू, कॉम्प्युटरवाल्याच्या यादीत पद्मिनीच नाही.

वऱ्हाडी_पाना

दोन्ही करा भाऊ. एका बाजूले नवीन अन् एका बाजूले जुनं ठेवलं तर स्टीअरिंग एकीकडं जड एकीकडं हलकं लागते, अन् सेट तसाही जोडीनंच मिळते. बंद निपल फेकून द्या, नवीन लावा, अन् भोकातलं वाळलेलं ग्रीस तार घालून काढा, ते दगडासारखं झालं असते.

कॉम्प्युटरच्या यादीचं टेन्शन घेऊ नका, मशीनले कोन मोजता येते, गाडीचं नाव माहीत नसलं तरी. मॅन्युअलचा टो-इनचा (पुढची चाकं आतल्या बाजूले किती वळलेली पाहिजेत त्याचा) आकडा कागदावर लिहून न्या अन् मिस्त्रीले सांगा की हिरवा लाल पाहू नको, आकडा पाहा. टायर ५.२०-१४ चे जुन्या पद्धतीचे आहेत की रेडियल ते पण सांगा, अन् हवा बरोबर भरूनच मशीनवर चढवा.

हिंगणा_लेथ

उजवीकडचं बेअरिंग नुसतं आवळून सोडू नका, काढून धुवून बघा, रोलरवर निळे डाग किंवा खड्डे असतील तर बदला. रीमिंगसाठी स्टब एक्सल दोन्ही आणा, पिना-बुश सोबत, शनिवार सोडून कधीही. आणि पुढे ग्रीस मारताना गाडी उचलून चाक लटकत ठेवून मारा, मधेमधे स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवत. वजन खाली असलं की थ्रस्टच्या बाजूला ग्रीस शिरतच नाही, वरून निपल ओलं दिसतं आणि आत कोरडं.