एका बाजूला जड असलेले हाउसिंग क्रेनने उचलताना झुकते, उपाय सुचवावा

प्रश्न (मशीन शॉपचा पर्यवेक्षक)
आमच्याकडे सुमारे 4 टन वजनाचे गिअरबॉक्सचे हाउसिंग (बाहेरचे कवच) खालून दोन पट्टे घालून ईओटी क्रेनने (डोक्यावरच्या रुळांवर विजेने चालणाऱ्या क्रेनने) बोरिंग मशीनवर चढवले जाते. त्याचे एक तोंड जाड असल्यामुळे जमिनीवरून सुटताच ते त्या बाजूला झुकते आणि ते समपातळीत राहावे म्हणून दोन-तीन कामगार हलक्या बाजूवर अंगाचा भार देतात. आजवर अपघात झालेला नाही, त्यामुळे पद्धत बदलण्याची कोणालाच घाई नाही. तोल सांभाळण्यासाठी माणसे लावावी लागू नयेत, असा मार्ग कोणता?

उत्तर (रिगिंगचे काम करणारा)
माल झुकतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य हूकच्या बरोबर खाली नसतो. हवेत गेल्यावर तो आपणहून तेथे येऊ पाहतो आणि त्या हालचालीला दोन-तीन माणसे रोखू शकत नाहीत. जड बाजूच्या पट्ट्याला चेन पुली ब्लॉक (साखळी ओढून लांबी कमी-जास्त करता येणारे साधन) जोडून ती बाजू आखूड करावी. मात्र त्या बाजूवर निम्म्याहून अधिक भार येतो, हे ब्लॉक निवडताना लक्षात घ्यावे. मग माल जेमतेम वीतभर उचलून पाहावा, झुकल्यास खाली टेकवून ब्लॉक फिरवावा आणि पुन्हा उचलावा. एकदा बरोबर जमले की हाउसिंगवर हूकच्या जागेची रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या पाळीला अंदाज बांधत बसावे लागत नाही. खालून घातलेले पट्टे सरकू शकतात. शक्य असल्यास उचलण्याच्या जागा गुरुत्वमध्याच्या वर घ्याव्यात.

उत्तर (सुरक्षा अधिकारी)
पट्ट्यांचा कोनही तपासावा. दोन्ही बाजूंना भार समान धरला तरी पट्टे आडव्या रेषेशी 60 अंशांत असताना प्रत्येकावर सुमारे 2.3 टन ताण येतो आणि 30 अंशांत तोच पूर्ण 4 टन होतो. साध्या आय बोल्टला (डोक्यावर कडी असलेल्या बोल्टला) तिरकी ओढ सोसत नाही, हे तर अनेक ठिकाणी माहीतच नसते! कास्टिंगच्या (ओतीव हाउसिंगच्या) धारदार कडेवर पट्टा कापू नये म्हणून मध्ये संरक्षक तुकडा घालावा. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 ने उचलण्याच्या साधनांवर सुरक्षित भार ठळक लिहिणे आणि 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून त्यांची तपासणी करून घेणे बंधनकारक केले. पट्ट्यावरचे लेबल गळून पडले असेल, तर तो पट्टा वापरातून काढावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. परंतु मशीनच्या टेबलावर नेमक्या जागी बसवताना तरी हात लावावाच लागतो, त्याचे काय?

उत्तर (रिगिंगचे काम करणारा)
हाउसिंगच्या दोन टोकांना दोर बांधून दुरून वळवावे आणि दोर मनगटाला कधीही गुंडाळू नये. टेबलावरचे ठोकळे आधी मांडून ठेवावेत. माल खाली येऊ लागल्यावर ठोकळा सरकवायला बोटे आत घालणारा माणूसच सर्वाधिक धोक्यात असतो. ठोकळा हलवायचाच असेल, तर माल पुन्हा वर घेऊन लांब दांड्याने हलवावा. माल पूर्ण टेकून स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत पट्टे सैल सोडू नयेत.