जिराची टूल्स एआय एजंटसाठी कशी लिहून ठेवावीत?

प्रश्न: आमच्या टीमचं सगळं काम जिरावर (कामांची तिकिटं सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालतं. आता एमसीपीतून (एआयला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) एआय एजंट जोडलाय. तिकीट बनवतो छान, पण 'डन कर' म्हटलं की थेट स्टेटस फील्ड बदलायला जातो आणि एरर येते. एजंट वाचतो त्या टूलच्या वर्णनात नेमकं काय लिहू? माणसांसाठीचं विकी पान तसंच चिकटवलं तर चालेल?

उत्तर १: विकी पान नको ताई. त्यात स्क्रीनशॉट आणि 'उजवीकडचं बटण दाबा' असतं, एजंटला बटण कुठे दिसतंय! जिरात स्टेटस बदलायला ट्रान्झिशन (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जायची ठरलेली पायरी) करावं लागतं आणि त्याचा आयडी वर्कफ्लोनुसार वेगळा असतो. म्हणून सरळ लिहा: "आधी या तिकिटाची उपलब्ध ट्रान्झिशन्स मागव, त्यातला आयडी घे, मगच हे टूल वापर. आयडी अंदाजाने भरू नकोस." शेवटचं वाक्य गाळू नका, माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. असाइनीचंही (तिकीट ज्याच्याकडे सोपवायचं तो) तेच: जिराच्या क्लाउड आवृत्तीवर नाव चालत नाही, अकाउंट आयडी लागतो.

उत्तर २: एररचा मजकूरही नीट लिहा. नुसतं '४००' (विनंती चुकीची असल्याचा कोड) परत गेलं की एजंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. "ड्यू डेटमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हवा" असं कळलं तर स्वतःच सुधारतो. आणि डिलीटचं टूल देऊच नका, हात जोडून सांगतो.

प्रश्नकर्ती: वाक्य टाकलं, तिकीट हललं! पण एका ट्रान्झिशनला 'रेझोल्यूशन' (तिकीट कसं निकाली निघालं ते) भरावंच लागतं. त्याचं काय?

उत्तर १: ट्रान्झिशन्स मागवतानाच त्यांची फील्ड्सही मागवा. कोणतं अनिवार्य आहे ते त्यातच येतं.