‘नवी मुंबई जिल्हा करा’ म्हणणाऱ्यांनी आधी तालुका दाखवावा

कोर्टनाकाकर:
काल इथे एकाने लिहिलंय, ‘पालघर झाला तसा नवी मुंबई जिल्हा करा, फक्त एक सही लागते.’ जिल्ह्यासाठी संसदेत जावं लागत नाही, हे खरं. जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४ खाली राज्य सरकार अधिसूचना काढतं. पण आधी मसुदा, मग हरकती. आणि जनगणनेसाठी सीमा गोठल्या की सगळं ठप्प. पालघरला १ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुके आयते मिळाले. ऐरोली ते बेलापूर पट्टा, म्हणजे नवी मुंबई महापालिकेचा भाग, मात्र ठाणे तालुक्यात आहे. आधी तालुका फोडा, मग सही मागा.

खारघरवासी:
छान! म्हणजे पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, महापालिका पनवेलची आणि रायगडचा कलेक्टर गाठायला पेण-वडखळ करत अलिबाग. सात जिल्ह्यांचे विभागीय आयुक्त मात्र इथे बेलापूरला, कोकण भवनात! नव्या जिल्ह्याला पनवेल, उरण जोडा की.

कोर्टनाकाकर:
उगाच रडगाणं नको. फेरफारावरचं, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलावरचं, पहिलं अपील प्रांताधिकाऱ्याकडे, म्हणजे पनवेललाच चालतं. अलिबाग त्याच्या पुढच्या अपिलाला.

पेणचा:
आणि रायगडाने काय करायचं? बंदर उरणला, विमानतळ पनवेल तालुक्यात. मलई तुम्हाला, दरडी आम्हाला.

शीळफाटा:
जिल्हा गेला खड्ड्यात. आमच्या शीळफाट्याकडच्या १४ गावांचं बोला! २००७ ला नवी मुंबई महापालिकेतून बाहेर, २०२४ ला परत आत. गावं आहेत की कॅरमच्या सोंगट्या?

कोर्टनाकाकर:
विषय वेगळा आहे. पालिकेची हद्द नगरविकास खातं १९४९ च्या महापालिका अधिनियमाने ठरवतं, जिल्ह्याची महसूल खातं.

शीळफाटा:
खाती मोजत बसा तुम्ही. मधे पारसिकचा डोंगर आहे. वाशी-नेरुळची मलवाहिनी इकडे येणार कशी? गुरुत्वाने पाणी डोंगर चढत नाही. पंपिंग स्टेशन लागेल, नाहीतर अलीकडेच वेगळं मलशुद्धीकरण केंद्र, त्याला जागा आणि वीज. हद्दीची रेघ मारणाऱ्याने उताराचा नकाशा उघडला होता का?

खारघरवासी:
तुमच्या गटारासाठी वेगळा धागा काढा!

शीळफाटा:
गटार नसलेल्यालाच त्याची किंमत कळते, साहेब.

कोर्टनाकाकर:
नुसता ऐरोली-बेलापूर पट्टा घेतला तर जिल्हा परिषदही नसेल. ती ग्रामीण भागासाठी असते. मुंबई उपनगर जिल्ह्याला कुठे आहे?

खारघरवासी:
म्हणजे एक निवडणूक कमी. झालं की मग, तुम्हीच आमच्या बाजूने बोललात!

कोर्टनाकाकर:
बरं, घ्या जिल्हा. तहसील कचेरीला जागा तेवढी सिडकोकडून, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडून, मागून आणा, बाजारभावाने.