हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) २:२२ तासांवरच अडकली आहे, २:१० साठी नक्की काय बदलू?

राउपुरा_रनर
वय ४१, धावायला लागून तीन वर्षं झाली. आठवड्यातून चार दिवस: मंगळ, गुरू, शनि ६-६ किमी आणि रविवारी ९-१०. पेस (एका किमीला लागणारी मिनिटं) जवळपास रोज ६:४० ते ६:४५. १० किमीची वेळ ६२ मिनिटं, हाफ २:२२. दीड वर्षात दोन्ही आकडे हललेले नाहीत. जानेवारीअखेरच्या हाफमध्ये २:१० च्या आत यायचंय, हातात २२ आठवडे आहेत. धावणं वडोदऱ्यातल्या कमाटीबागेत आणि आसपासच्या रस्त्यांवर, चढ कुठे नाहीच. आता इंटरव्हल (जोरात धावायचे छोटे तुकडे, मध्ये हळू जॉग) सुरू करावेत का? किती आणि कोणत्या पेसने?

मांजलपूरकर
ताई, इंटरव्हलचं नंतर बघू. आधी तुमचेच आकडे शेजारी शेजारी मांडा. हाफ २:२२ म्हणजे ६:४४ चा पेस, आणि रोज सकाळी तुम्ही ६:४० ने धावता. म्हणजे शर्यतीचा पेस आठवड्यातून चारदा! हा पेस इतका जोरात आहे की पाय थकतात आणि अंतर वाढवता येत नाही. आणि इतका जोरातही नाही की वेग वाढावा.

दुसरी गोष्ट. रिगेलच्या सूत्राने (एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं गणित) १० किमीच्या वेळेला साधारण २.२ ने गुणलं की हाफची वेळ येते. ६२ गुणिले २.२ म्हणजे २:१६-२:१७. तुमची २:२२ आहे. ही पाच-सहा मिनिटं वेगाची नाहीत, दमसासाची आहेत. आठवड्याला २७ किमी आणि १० किमीचा लाँग रन यावर हाफचा उत्तरार्ध निघत नाही. उलट हिशोब केला तर २:१० साठी १० किमी ५९ मिनिटांत यायला हवं, म्हणजे तीनच मिनिटं कमी. जमण्यासारखं आहे.

पहिले १२ आठवडे असं करा. इझी रन ७:२० ते ७:५०, पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. पाचवा दिवस जोडा, बुधवारी ५ किमी. रविवारचा रन दर आठवड्याला एक किमीने वाढवत १४ पर्यंत न्या. मात्र दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर पाव भागाने उतरवा. बाराव्या आठवड्यापर्यंत मंगळ ७, बुध ५, गुरू ९, शनि ६, रवि १४ असे ४१ किमी झाले तरी पुष्कळ.

जोरात धावायचा दिवस फक्त गुरुवार. २ किमी वॉर्मअप, मग ६ मिनिटं ६:१०-६:१५ ने, मध्ये ९० सेकंद जॉग, असं चारदा, शेवटी २ किमी कूलडाउन. हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण तासभर टिकेल असा पेस. दोन-तीन शब्दच बोलता येतील, पण धाप लागून थांबावं लागणार नाही. चारातला शेवटचा तुकडा पहिल्यापेक्षा हळू झाला तर सुरुवात जोरात झाली, असं समजा. तीन-तीन आठवड्यांनी ३ × ८ मिनिटं, मग २ × १२. पेस तोच ठेवायचा, फक्त तुकडे लांबवायचे. इथेच बहुतेकांचं चुकतं: तीन आठवड्यांत बरं वाटायला लागलं की पेस ५:५० वर नेतात आणि पाचव्या आठवड्यात नडगी धरते.

फिजिओ_अलकापुरी
वरच्याशी सहमत, पण पूर्ण १२ आठवडे वेगाला हात न लावणं मला पटत नाही. चाळिशीनंतर पायातली चपळाई लवकर उतरते. मंगळवारच्या इझी रननंतर ६ स्ट्राइड्स: २० सेकंद जोरात पण सैल, खांदे आवळायचे नाहीत, मध्ये मिनिटभर चालायचं. दम लागत नाही, दुसऱ्या दिवशी पाय जड होत नाहीत. चढ नाही म्हणून अडत नाही. चढासाठी उड्डाणपुलावर मात्र जाऊ नका, पहाटे ट्रक भरधाव असतात.

खरे इंटरव्हल तेराव्या आठवड्यापासून, एक आड एक गुरुवारी: ४०० मीटर २:२० मिनिटांत, आठ वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं जॉग. ट्रॅकवर केलेत तर पहिल्या लेनमध्येच मोजा. चौथ्या लेनचा फेरा जवळजवळ ४२३ मीटरचा असतो, त्यावर २:२० गाठायला गेलात तर पेस ५:३० च्या आसपास जातो.

पोटऱ्यांचा व्यायाम टाळू नका. पायरीच्या कडेवर एका पायाने टाच वर-खाली, गुडघा सरळ ठेवून १२ चे तीन सेट, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच. आठवड्यातून दोनदा. अंतर वाढतं तेव्हा सगळ्यात आधी टाचेमागची शीर कुरकुरते.

शाकाहारी असाल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. फेरिटिन खाली असेल तर कितीही शिस्तीने धावलात तरी वेळ हलत नाही. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत.

राउपुरा_रनर
दोघांचे आभार. आजच ७:३० ने धावून पाहिलं. ग्रुप पुढे निघून गेला, आणि घड्याळात हार्ट रेट १६८! मग हा इझी कसा?

मांजलपूरकर
१६८ च्या शेजारी केडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) किती दिसतोय ते बघा. तोही १६५-१७० असेल तर घड्याळ नाडीऐवजी पावलं मोजतंय. घामाने पट्टा सैल झाला की मनगटावरचा सेन्सर हमखास असं करतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधा. छातीचा पट्टा मिळाला तर उत्तमच.

आकडा खरा असला, तरी हा श्रावण आहे. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्त पळावं लागतं. तेव्हा सप्टेंबरपर्यंत ७:५०, अगदी ८:०० आला तरी चालेल. श्वास बघा, पेस नको. ग्रुपबरोबर गुरुवारी वॉर्मअप करा, इझी दिवशी एकटं धावलेलं बरं.

लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. तासाच्या वर धावणार असाल तर नुसतं पाणी नको, ओआरएस ठेवा. घरी करायचं तर लिटरला चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शनिवारी रात्री सेवउसळ नको, एवढं पाळाच.

फिजिओ_अलकापुरी
आणि नवरात्र विसरू नका! तीन तास गरबा म्हणजे पोटऱ्यांचे हजारो उड्या-गिरक्या, वर झोप चार तास. त्या नऊ दिवसांत गुरुवारचा जोर रद्द, लाँग रन ८ किमी. गरबा खेळा, पण तो वेळापत्रकात धरून.

शर्यतीच्या दिवशीचंही सांगून ठेवते. २:१० चा पेस ६:१० येतो, पण वळणांवरून घड्याळ अंतर बहुधा २१.३ किमीच्या आसपास दाखवतं. तेव्हा घड्याळावर ६:०६ धरा. पहिले तीन किमी ६:१५, तिथे कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या. डिसेंबरपासून दर दुसऱ्या रविवारच्या लाँग रनचे शेवटचे ४ किमी याच पेसने करत जा, म्हणजे थकलेल्या पायांना तो ओळखीचा होईल.